शनिवारचं लोखंड

सोम. ६ जाने.
अण्णांच्या जुन्या गाडीचा स्टार्टर नुसता किरकिरतो, इंजिन फिरतच नाही. मेकॅनिक यूसुफभाईंनी गिअरबॉक्स उतरवून पाहिला. फ्लायव्हीलला, म्हणजे स्टार्टर ज्याला फिरवतो त्या दातेरी चाकाला, तडा; दातही झिजलेले. "साहेब, चाकच बदलायला हवं. पण आता कोण बनवतंय हे?" अण्णांचं हृदयाचं ऑप. २७ ला. त्याआधी या गाडीतून एकदा कात्रजच्या घाटात जायचंय त्यांना. मी चालवायची, त्यांनी चुका काढायच्या. मी हो म्हणून बसलोय.

गुरु. ९
नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. एकाचे दात जास्त, दुसऱ्याची भोकं जुळेनात. तिसरा दुकानदार म्हणाला, "संग्रहालयात विचारलंत का?"

शनि. ११
मिळालं! कात्रजला भंगारवाल्याकडे, पोत्यांखाली. यूसुफभाईंनी खडूची खूण करून दोनदा दात मोजले. तेच. आणि मी म्हणालो, उद्या नेतो. शनिवारी लोखंड आणू नये, आई जन्मभर सांगायची. एरवी मी मानत नाही. पण ऑप. तोंडावर... "इसार तरी द्या," यूसुफभाई म्हणाले. दिला नाही. तेही घेणंच की.

रवि. १२
गेलं. सकाळीच धायरीच्या कोणीतरी नेलं. भंगारवाला म्हणतो, "उद्या येतो म्हणणारे लई असतात." येताना यूसुफभाईंनी माझ्याही चहाचे पैसे दिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळ. १४
संक्रांत. अण्णा : "झाली का रे गाडी?" होतेय म्हणालो. तोंडात तिळगूळ, आणि खोटं बोललो. लाज वाटतेय.

सोम. २०
धायरीचा माणूस सापडला. स्वतःच्या शेतात हॉटेल काढतोय. "हाय की चाक. पण भिंतीत बसवलंय, शोभेला." सिमेंटमध्ये पक्कं, वर पिवळा रंग. यूसुफभाईंनी भिंतीवरच हात फिरवून दात मोजले. मी अक्षरशः हात जोडले. "घरात विचारतो," म्हणाला.

गुरु. २३
धायरीहून फोन. "न्या. पण गवंडी शनवारी येणार हाय. त्याच दिवशी उचला." शनिवारच!
दुपारी अण्णांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग, "ही गाडी मी शनिवारीच आणली होती. तुझी आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."
"मला कधी सांगितलं नाहीत."
"तू थांबलास ते माझ्यासाठी?"
"हो."
"मूर्ख आहेस," म्हणाले आणि माझा हात धरून ठेवला. त्यांचा हात फार हलका झालाय.
रविवारी संध्याकाळी पाचला त्यांना दाखल करायचं. यूसुफभाई म्हणतात, शनिवारी दुपारपर्यंत चाक आणा, रविवार सकाळपर्यंत जोडतो. सिमेंटमधून काढताना दात राहिले तर.
शनिवारी पहाटेच निघणार आहे.