तिसरे पिल्लू

शनिवार, २१ डिसेंबर २०२४. सकाळी सात. टिळकवाडी.

सूनबाई माधवी यांनी काल कुटुंबाच्या ग्रुपवर जो मजकूर टाकला, तो असा: "आप्पांनी आज निपाणीत आईने टाकलेलं मांजराचं पिल्लू वाचवलं. सो क्यूट." यात तीन चुका आहेत. निपाणीत नव्हे, निपाणीपासून सहा किलोमीटरवर, आमच्या उसाच्या फडात. मांजर नव्हे; रानमांजर. आणि पिल्ले तीन होती, पैकी मी एक आणले. तिन्हींचा सांभाळ या वयात शक्य नाही. "आईने टाकलेलं" हे मात्र बरोबर आहे. मी पाऊण तास थांबून खात्री करून घेतली होती.

ऊसतोड चालू असताना टोळीतल्या बायकांना पिल्ले दिसली. आमची शेती पाहणारा कल्लाप्पा हा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, हात लावू नगा. तेवढा तुकडा आमी तोडत न्हाई. रात्री आई येती नि तोंडात धरून नेती." त्यांच्याकडे दरवर्षी असेच करतात म्हणे. कल्लाप्पाचा या विषयाचा अभ्यास नाही.

माझा आहे. नात सौम्या, वय नऊ (सध्या सुट्टीला इथे; काल फडातही सोबत होती), बेंगळुरूहून वर्षातून दोनदा येते आणि टॅबवर चित्रपट पाहते: मुले आणि रानटी प्राणी यांच्या मैत्रीचे. दिवाळीत तिने तिसऱ्याच दिवशी आईला विचारले, "आपण कधी जायचं?" मी शेजारच्या खोलीत होतो. त्यानंतर मी असले अकरा चित्रपट वही घेऊन पाहिले. सर्वांत क्रम एकच: भेट, बाटलीने दूध, भीती, विश्वास, संकट, डोंगरावरचा निरोप. आणि सर्वांत कोणीतरी एक समंजस म्हातारा असतो.

आजचा कार्यक्रम: बाटलीने दूध.

शनिवार, दुपारी दोन.

कल्लाप्पाचा फोन. आवाज तुटक येत होता. तोडणीबद्दल काही म्हणत असावा.

रविवार, २२ डिसेंबर.

दूध घेतले, टिकले नाही. जुनी वर्तमानपत्रे संपली. नाव ठेवले: मृगाक्षी. सौम्या तिला "ती" म्हणते. नाव का घेत नाहीस, असे विचारले, तर म्हणाली, "आजोबा, ती आपली नाहीये ना." हा "भीती"चा टप्पा होय. वेळापत्रकाप्रमाणे चालले आहे.

सायंकाळी "विश्वास" एक दिवस अलीकडे घेण्याचा प्रयत्न केला. उजव्या हाताचा अंगठा. डॉक्टरांनी पाच इंजेक्शने सांगितली. सौम्याला सांगितले की, ती अशक्तपणाची आहेत. तिने टॅबवर शोधून मला रेबीजवरचा परिच्छेद वाचून दाखवला. उच्चार स्पष्ट आहेत.

कल्लाप्पाचा पुन्हा फोन आला होता. इंजेक्शनच्या रांगेत असल्यामुळे घेता आला नाही.

सोमवार, २३ डिसेंबर.

मृगाक्षी खोक्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसून आहे. मी तिला लहानसे भाषण केले. चित्रपटांत याचा उपयोग होतो.

सौम्या आज माझ्याशी आपणहून बोलली. मोठी गोष्ट. म्हणाली, "आजोबा, आपण तिला परत ठेवूया का? कल्लाप्पाकाका म्हणाले होते." मी समजावले की, निरोप हा प्रसंग शेवटी येतो, आधी मैत्री व्हावी लागते, नाहीतर निरोपाला अर्थ राहत नाही. ती म्हणाली, "आणि तिची आई?" मी म्हणालो, उद्या पाहू.

माधवी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही पोरीला खेळणं आणलंय की स्वतःला?"

मंगळवार, २४ डिसेंबर. रात्री आठ.

सकाळी निघणारच होतो. परंतु थंडी होती. शिवाय सौम्यासोबत बाराव्या चित्रपटाला बसण्याचे कालच ठरले होते. तीन वाजता लावला. शेवटी मुलगी सीलच्या पिल्लाला समुद्रात सोडते. मला चष्मा पुसावा लागला. वळून पाहिले, तर सौम्या जागेवर नव्हती. खोक्यापाशी पालथी पडून होती. एक हात आत. पिल्लू चावत नव्हते. पिल्लू काहीच करत नव्हते.

मैत्री झाली, असे मी लिहिणार होतो.

उद्या पहाटे निघायचे. माधवी गाडी काढतील.

बुधवार, २५ डिसेंबर. निपाणी, कल्लाप्पाच्या घरून.

राखलेला तुकडा तुटला आहे. फड मोकळा, पाचटही पेटवून झाले. कल्लाप्पा म्हणाला, "मी लई थोपवलं सर. मुकादम काल शिव्या द्याय लागला. ट्रॅक्टर उभा हुता." मला बोल लावला नाही. चहा दिला. वर्गातही हा मुलगा असाच होता.

कल्लाप्पाने बोलावलेल्या वनरक्षक बाई आल्या. त्यांनी विचारले, "कधी उचललं?" मी म्हणालो, "परवा." माझे "परवा" स्पष्ट होते; सौम्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, दोनच दिवस झाले असतील तर आजची रात्र बांधावर टोपली ठेवून पाहू. आई अजून जवळ असेल.

गुरुवार, २६ डिसेंबर. सकाळी.

पिल्लू टोपलीतच. जिवंत, परंतु गार. वनरक्षक बाई पुन्हा विचारू लागल्या, तेव्हा सौम्या माझ्या आधी बोलली. "शुक्रवारी उचललं. मी आजोबांना थांबूया म्हटलं होतं." बाईंनी माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "काका, खरा दिवस सांगितला असता, तर मी हिला काल थंडीत ठेवलंच नसतं." आता पिल्लू उपचारांना जाईल आणि नंतर पिंजऱ्यात राहील. शिकार शिकवणारी आई नसेल, तर रानात सोडता येत नाही.

जाताना तिने वळून पाहिले नाही; पिल्लाने, म्हणजे. कोणत्याही चित्रपटात असे होत नाही.

गुरुवार, रात्री.

माधवी आणि सौम्या दुपारच्या गाडीने गेल्या; ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. स्टेशनवर सौम्या म्हणाली, "तुमच्या डायरीत खरं लिहा हं." मी चाळीस वर्षे इतरांच्या वह्या तपासल्या. ही आज तपासली. कल्लाप्पाला फोन करून तारखा ताडून घेतल्या. दुरुस्त्या अशा:

२० डिसेंबर, शुक्रवार. पाऊण तास थांबलो नव्हतो. चार मिनिटे. तीही पिशवी शोधण्यात गेली.

२१ डिसेंबर, शनिवार. आवाज तुटक नव्हता. कल्लाप्पा म्हणाला, "दोन नेली सर रात्री. तिसऱ्यासाठी परत आलती. आणून ठेवा." मी "हॅलो, हॅलो" म्हणून फोन ठेवला.

२२ डिसेंबर, रविवार. रांगेत माझ्यापुढे एकच बाई होती.

२३ डिसेंबर, सोमवार. त्या दिवशीही फोन आला होता. त्याची नोंद केली नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार. थंडी रोजच्याइतकीच होती. फड दुपारी तीन वाजता तुटला.

२५ डिसेंबर, बुधवार. "परवा" नव्हे. पाच दिवसांपूर्वी.

आई आली त्या रात्री: २०, २१, २२, २३. चोवीसला आली की नाही, हे कल्लाप्पाला सांगता येत नाही. लपायला ऊस उरला नव्हता.