पारापासून मांडवापर्यंतचा श्वास

९ जानेवारी
सकाळी १५८/९६.

डॉ. म्हणाले, रोज बी.पी. मोजून लिहून ठेवा. जयूची कॉलेजची अर्धी कोरी वही सापडली. आकड्याला एक ओळ पुरते, उरलेलं पान कोरं सोडवत नाही. मग लिहा काहीतरी.

दिवाळीतल्या न्यूमोनियापासून ट्रम्पेट पेटीत आहे. चाळीस वर्षांत एवढी सुट्टी पहिल्यांदाच. बँड भिका सांभाळतोय. बरा वाजवतो. (त्याला सांगायचं नाही.)

२० फेब्रुवारीला जयूचं लग्न. बाईसाहेबांचा हट्ट : "आप्पा, नवरदेवाला पारापासून मांडवापर्यंत तुम्हीच वाजवत आणायचं." म्हटलं, अगं, मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा असतो, बँडच्या पुढे नाही. तर म्हणते, "अख्ख्या जळगावचे नवरदेव तुम्ही आणून सोडलेत. माझाच तेवढा दुसऱ्यानं आणायचा?"

कबूल केलं. डॉक्टरांची अट : फुप्फुसांची चाचणी चांगली यायला हवी, बी.पी. १४० च्या आत. नाहीतर ट्रम्पेटला हात नाही.

११ जानेवारी
१६२/९८. वाढलं!

जयूनं पकडलं. पट्टा फुगत असताना मी भिकाशी फोनवर भांडत होतो, पायावर पाय टाकून, नुकताच चहा ढोसून. आता नियम : चहा अर्धा तास आधी बंद, पाच मिनिटं टेकून गप्प बसणे, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. आणि बोलायचं नाही.

पाच मिनिटं गप्प! सु. (जयूची आई) म्हणाली, "हाई मशीन वीस वरीस पहिलेच लेवाले पाहिजे व्हतं."

१२ जानेवारी
गप्प बसून १५०/९२. चमत्कारच.

जयूनं समजावलं : वरचा आकडा हृदय दाबतं तेव्हाचा, खालचा ते सैल सोडतं तेव्हाचा. म्हणजे सैल सोडल्यावरही नळ्यांत जोर असतोच. मला वाटायचं खालचा आकडा शोभेला आहे.

पापड, लोणचं, ठेचा बंद. शेवभाजीकडे बघायचंही नाही.

१७ जानेवारी
१४८/९२.

वाईट दिवस. दवाखान्यातून आणलेलं फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र, आत तीन प्लॅस्टिकच्या गोळ्या. नळी तोंडात धरायची, गोळ्या वर जायला हव्यात. आठ दिवस करतोय. एक गोळी हलत नाही. जीव खाऊन करतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, गोळ्या ढिम्म.

संपलं बहुतेक. जयूला कसं सांगायचं…

१८ जानेवारी
१४६/९०.

हात्तिच्या! हसून हसून पोट दुखलं.

सु. भाजी निवडता निवडता बघत होती. एकदम ओरडली, "अहो, फुकी काय ऱ्हायनात? वढनं शे ते!"

ओढायचं! श्वास आत ओढायचा! डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. असेल. ट्रम्पेटवाल्याच्या तोंडात कुणी नळी दिली तर तो काय करील? फुंकीलच की. नऊ दिवस फुंकत होतो.

ओढलं. सावकाश. दोन गोळ्या टुणकन वर. तिसरी थरथरली. जयूनं टाळ्या वाजवल्या, लहान पोरासाठी वाजवतात तशा. मला आवडलं.

२७ जानेवारी
१४२/८८. तिन्ही गोळ्या वर!! तीन सेकंद धरल्या. शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या.

काल असोद्याला भरीत पार्टी, भिकाच्या साडूच्या मळ्यात. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. भरीत खाल्लं, ठेचा नाही. देवाशपथ नाही. (एक बोट.)

३ फेब्रुवारी
१४०/८८.

चाचणी झाली. नापास.

नाकाला चिमटा, तोंडात नळी, पूर्ण भरून घ्या, मग फुंका. मशीनवाली पोरगी चांगली, विशीतली. "फुंका काका, फुंका फुंका फुंका!" मी शांतपणे, मस्त लांब सोडला. तीनदा. तिन्ही वेळा डिट्टो सारखा. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

एकूण हवा ३.१ लिटर. "ती चांगली आहे काका, पण पहिल्या सेकंदात निम्मीसुद्धा बाहेर येत नाही. सत्तर टक्क्यांच्या वर यायला हवी." म्हणजे श्वासाच्या नळ्या आकसलेल्या दिसतात म्हणे. तिन्ही वेळा सारखंच आलं म्हणून तिलाही खरं वाटलं.

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. माणसानं सगळा श्वास सोडला तरी लिटर-सव्वा लिटर हवा आत राहतेच, ती कधी बाहेर येत नाही. मला वाटायचं मी प्रत्येक वरातीत सगळा जीव ओततो. सव्वा लिटर दरवेळी चोरून ठेवत होतो तर!

डॉ. बाहेरगावी, शुक्रवारी भेटतील. घरी जेवलो नाही. रडू आलं मला मोरीत.

४ फेब्रुवारी
१५२/९४. येणारच.

जयू म्हणाली, "करून दाखवा, कसं फुंकलंत." दाखवलं. "आप्पा, हे फुंकणं आहे? हा तर तुम्ही सूर लावलात!"

खरंच की. पहिल्या दिवसापासून उस्तादांनी हेच शिकवलं : श्वास उधळायचा नाही, पुरवून वापरायचा. पहिल्याच ओळीत संपवला तर दुसरी ओळ कोण वाजवणार? मशीनसमोर मी चाळीस वर्षांची शिस्त दाखवत बसलो होतो, आणि त्याला हवी होती उधळपट्टी!

सु. नं फुंकणी आणून हातात दिली. "चूल पेटाडनी शे, गानं नही वाजाडनं." स्वतः एकदा फुंकून दाखवलं. परातीतलं पीठ उडून माझ्या मिशीवर. तासभर शिकवणी. बायकोकडून फुंकायला शिकतोय, भिकाला कळलं तर बँड सोडून जाईल.

७ फेब्रुवारी
१३८/८६.

डॉक्टरांनी आलेख बघितला. "सुरुवातीचा चढच सावकाश आहे. तुम्ही जोर लावलाच नाही?" खरं ते सांगितलं. इतके हसले की बाहेरचे पेशंट डोकावले. पुन्हा चाचणी.

या वेळी "फुंका"तला फु ऐकला आणि सोडला दाणकन. मशीनवाली मागे सरकली! ३.२ लिटर, पहिल्या सेकंदात अडीच. म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. अठ्ठ्याहत्तर! शाळेत कधी पडले नव्हते.

डॉ. : एकच गाणं. बी.पी.ची गोळी चुकवायची नाही. चक्कर आली की थांबायचं, मोठेपणा नको.

जयू दवाखान्याच्या पायऱ्यांवर गळ्यात पडली. बाहेर केळीवाल्याकडून डझनभर घेतली, मशीनवालीला नेऊन दिली.

१२ फेब्रु.
१३६/८४. पेटी उघडली. ओठ मऊ पडलेत. पहिला सूर म्हशीचा. तिसऱ्या दिवसापर्यंत माणसाचा होईल.

१९ फेब्रु.
१३६/८४. हळद.

मागच्या अंगणात भिकाबरोबर पूर्ण गाणं घेतलं. श्वास पुरला, दोन ओळी एका दमात! भिका म्हणाला, "मास्तर, आजार माले व्हता का तुम्हले?" फुगलो.

मग जयू बाहेर आली, हळदीनं पिवळी, ओल्या केसांची. ऐकत उभी राहिली. आणि माझा ओठच सुटला. सूर फाटला. भिकानं पटकन उचलून घेतलं म्हणून निभावलं. जयू हसत होती, तिला वाटलं मी गंमत केली.

फुप्फुसं पास, बी.पी. पास. हे असं झालं तर काय करायचं, ते डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं.

२० फेब्रु.
१३८/८६. एकदाच मोजलं.

मांडवाच्या दारात माझ्याऐवजी मेहुणा उभा राहील. सु. कोटाची बटणं लावत होती. तिला कालचं सांगितलं. म्हणाली, "रडू येस ते आतेच रडी ल्या. पारवर जाईसन नको." बसलो दोघं पलंगावर, पाच मिनिटं, रडायला. येईना. एकमेकांकडे बघून हसूच फुटलं.

भिका दारात. नवरदेव पारावर येऊन बसलाय म्हणे, सगळे माझ्यासाठी थांबलेत.

श्वास आहे. ओठाचं काय ते मांडवाच्या दारात जयू दिसली की कळेल.