ताशी नऊ किलोमीटर

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार, आणि तुमच्या गाडीचाही. ती बरी आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? परगावी जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, आठवड्यातून एकदा जरा फिरवत जा. तुमचा शब्द मी मोडलेला नाही. उलट रोज फिरवली. (कुठे, ते पुढे येईलच.)

तर तीन आठवड्यांपूर्वी स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. पुस्तिका काढून पाहिली, तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबला होता. शहाण्या माणसाने गॅरेज गाठलं असतं. पण आपल्या भागात गॅरेज एकच, आणि तिथे तोंड दाखवायची माझी सोय नव्हती. (गॅरेजवाल्यांना एक मुलगी आहे. तूर्त एवढं पुरे.) शिवाय मी दीड वर्ष इंजिनिअरिंग केलंय, भले ते सरांशी भांडून सोडलं असेल. म्हणून गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि पाने घेऊन खाली सरपटलो. पहिले तीन बोल्ट निमूट निघाले. चौथा गंजलेला. त्याला तेल पाजलं, दोन तास थांबलो, गोड बोललो, तरी हलेना. मग माझं डोकं फिरलं (त्याला फार वेळ लागत नाही, तुम्ही जाणताच) आणि मी हातोडा घेतला. बोल्टचं मुंडकं उडालं, शेजारचा सेन्सरही गेला, फिल्टर मात्र निघाला. तो अंगणात नळीखाली धरला. इतकं काळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकूंनीही नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या चादरी तिथेच वाळत होत्या. आता त्या करड्या आहेत. शेवटी फिल्टर तीन बोल्ट आणि एका तारेवर बसवून गाडी सुरू केली, तर असा आवाज की अख्खी गल्ली गॅलरीत आली. पन्नास पावलांवर सायलेन्सर रस्त्याला टेकला. मग गाडी ओढून न्यावी लागली, आणि कुठे, तर त्याच गॅरेजात.

आता सांगतोच. ती मुलगी तिथे कॉम्प्युटर लावून गाड्या तपासते. तिच्यासाठी मी अडीच महिने गॅरेजच्या गल्लीत फेऱ्या मारत होतो, दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून. तिने एकदाही मान वर केली नव्हती. तिने आपल्या गाडीला वायर जोडली आणि वडिलांना वाचून दाखवलं, "बाबा, सरासरी वेग ताशी नऊ. ही गाडी चालवली नाहीये, मिरवलीये." मग माझ्याकडे न बघताच, "आतली काजळी जळायला गाडी लांब पळवावी लागते. रोज बावीस फेऱ्या मारल्या की तुंबणारच."

मामा, तिने मोजल्या होत्या.

वडिलांनी विचारलं, "हा तुटका बोल्ट कुणाचं काम?" माझं, म्हणालो. "आणि हे तीन, नीट काढलेले?" तेही माझंच. त्यांनी तिन्ही बोल्ट उलटसुलट करून पाहिले आणि नुसतं "हं" म्हणाले. आता नवा सेन्सर बसलाय, दिवा विझलाय. काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : दुरुस्तीनंतर गाडी हायवेवर तासभर एका वेगात पळवावी लागते, आणि शेजारी कुणीतरी कॉम्प्युटर घेऊन बसावं लागतं. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शेजारी वडील बसले. साठ किलोमीटर ते कॉम्प्युटरवरचे आकडे बघत राहिले. उतरताना म्हणाले, "सोमवारपासून आठला कामावर ये. चालत ये."

ता. ता. क. : पण आधी त्यांना घरच्या मोठ्या माणसाच्या दोन ओळी हव्यात. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा तुम्हीच लिहा, की मुलगा शांत डोक्याचा आहे आणि हातोड्याला सहसा हात लावत नाही. पत्र गॅरेजच्या पत्त्यावर टाका. तिथलं टपाल तीच फोडते, म्हणून अक्षर तेवढं मामींचं, वळणदार असू द्या.