नऊ नंबर रस्त्यावर तुटलेला फोन

हॅल्व्होर, नॉर्थ डकोटा
मार्चची बारा तारीख, खिडकीच्या काठापर्यंत बर्फ

प्रिय वेंडेल,

तुला, डोनाला आणि तुझ्या नव्या गुडघ्याला माझा नमस्कार. गुडघा कुरकुरतो का, की ऍरिझोनाच्या उन्हात सगळंच सुतासारखं सरळ होतं? मी ठीक आहे. पाठ दुखते, पण एखाद्या दिवशी दुखली नाही तर चुकल्यासारखं होतं. हवा शून्याखाली अकरा, म्हणजे तशी बरी. लग्न न केलेल्या माणसाच्या घरची खुशाली एवढ्यातच आटोपते. पत्र लिहिण्याचं निमित्त म्हणजे आपली मेडोलार्क फोन कंपनी. ती कशी मोडली, असं तू नाताळात फोनवर विचारलंस आणि मी 'मोडली बुवा' एवढंच बोलून गप्प बसलो, ते मनाला लागून राहिलंय. हे पत्र तुझ्या बहिणीबद्दल नाही. मार्लिसचं नाव मध्ये मध्ये येईल, पण जी बाई अठरा वर्षं कंपनीच्या काउंटरवर बसली, तिला वगळून कंपनीची गोष्ट सांगायची कशी?

एल्मर वाल्ड ट्रॅक्टर विकता विकता बिनतारी फोन विकायला लागला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं, आणि त्यात तू सगळ्यात पुढं होतास ('ज्याला बोलायचंय तो गाडी काढून येईल की,' हे तुझेच शब्द, नाही म्हणू नकोस). पहिले फोन पिशवीत घालून न्यायचे, आणि पिशवी अशी जड की नेणारा एका बाजूला कलायचा. पहिला मनोरा म्हणजे धान्याच्या कोठारावर बांधलेला एक खांब. त्याची रेंज कुठं मिळते हे कंपनीत फक्त मार्लिसला ठाऊक, आणि तेही तोंडपाठ. कुणाला सांगायची, लूथरन दफनभूमीच्या पुढं कुंपणाचा तिसरा खांब, तोंड पश्चिमेला. हेल्गा ब्राटनला सांगितलं होतं, कोंबड्यांच्या खुराड्यावर चढ, पण अंडी काढून झाल्यावर. लोक भांडायला यायचे आणि कुठं उभं राहायचं ते विचारून हसत परत जायचे. बघता बघता बेचाळीस मनोरे झाले. मोठ्या शहरांतल्या कंपन्या आमच्याकडे ढुंकून बघत नव्हत्या, कारण इथं माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाई कुणाला फोन करत नाहीत. आम्हाला मात्र फोन हवा होता तो हिमवादळात गाडी अडकली तर कुणाला तरी कळावं म्हणून.

मनोऱ्यांवर चढायचं काम माझं. दुरुस्ती झाली की वर बसूनच ऑफिसला फोन लावून बघायचा, असा नियम. मी म्हणायचो, "ऐकू येतंय?" मार्लिस म्हणायची, "येतंय." नियमाप्रमाणे इथं फोन ठेवायचा. पण ती विचारायची, "काय दिसतंय वरून?" मग दोनशे फुटांवर कधी थंडीनं नाक गळून पडायची पाळी आलेली असली तरी मी तिला सांगत बसायचो. ब्राटनांची सूर्यफुलं फुललीत, पाद्रीबुवांची गाय पुन्हा शाळेत शिरलीय, तळ्यावर बगळे उतरलेत. ती म्हणायची, "आता उतर, सूप गार होतंय." अठरा वर्षांत ती एकदाही वर आली नाही, पण हा मुलूख तिनं माझ्याइतकाच वरून पाहिलाय. आणि आता खोटं कशाला बोलू, त्यातले काही मनोरे बिघडलेलेच नव्हते.

मग एल्मर थकला आणि एका बड्या कंपनीनं आम्हाला गिळलं. गिळता गिळता सरकारनं तिचा गळा धरला, की सगळं एकटीनं खायचं नाही, अर्धं दुसरीला दे. म्हणून नकाशावर रेघ मारली, ती आपल्या काउंटीच्या नऊ नंबर रस्त्यावरून. वाटणी करायला दोघं जण आले, अंगात भारी कोट आणि पायांत पातळ बूट (पहिल्याच दिवशी एक जण पायरीवरून थेट फाटकापर्यंत घसरत गेला, आणि फाटकाला धरून 'छान आहे गाव' म्हणाला). त्यांनी सगळ्या सामानावर एका कंपनीच्या निळ्या नाहीतर दुसरीच्या पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. कॉफीचं मोठं भांडं निळ्यांना गेलं आणि त्याचं झाकण पिवळ्यांना. मी रस्त्याच्या अलीकडच्या मनोऱ्यांसकट पिवळा झालो. काउंटर निळ्यांचा, आणि निळ्यांनी तो सत्तर मैलांवर मायनॉटला हलवायचं ठरवलं. मार्लिसला चिकटपट्टी लावली नाही, एवढी मेहेरबानी. येणार असाल तर पंधरा दिवसांत सांगा, म्हणाले.

आता माझी चूक सांगतो. ऍरिझोनात राहून तू विसरला असशील, तिथं म्हणे कॉफी हवी का विचारलं की लोक सरळ 'द्या' म्हणतात. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगाच त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणून तीन कप प्यायचे. माझा धाकटा काका एकदा पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणाला, त्याला मरेपर्यंत लोक हावरा हॉगस्टॅड म्हणत होते. तर सोमवारी मार्लिस म्हणाली, "ऑर्लिन, शाळेच्या ऑफिसात जागा निघालीय. राहू का मी इथंच?" मी म्हणालो, "छे, माझ्यासाठी कशाला थांबतेस." गुरुवारी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "एवढी चांगली नोकरी, उगाच कशाला सोडायची." तिसऱ्यांदा विचारलं की 'राहा' म्हणायचं, हे पक्कं होतं. दाढी करताना दोनदा म्हणूनही पाहिलं (एकदा कापलं).

पुढच्या मंगळवारी पिवळ्यांचा हुकूम आला. गाडीतून बोलता बोलता माणूस नऊ नंबर रस्ता ओलांडून गेला, की अलीकडचा मनोरा त्याचं बोलणं पलीकडच्या मनोऱ्याच्या हाती द्यायचा. आता पलीकडचा परका, म्हणून हे देणं-घेणं बंद करा. ती जोडणी मीच बसवली होती. सकाळी दहा वाजता मीच तोडली. मी अजून वरच होतो, तेवढ्यात फोन वाजला. मार्लिस मायनॉटच्या वाटेवर होती, नोकरीच्या कागदावर सही करायला.

"ऑर्लिन, ऐकू येतंय?"

"येतंय."

"शेवटचं विचारते हं. मागं फिरू का?"

मी तोंड उघडलं, आणि खाली तिची हिरवी गाडी रस्ता ओलांडून पलीकडं गेली. फोन तुटला. 'फीर' म्हणालो ते मनोऱ्यावरच्या दोन कबुतरांनी ऐकलं.

मग मी वाट पाहत बसलो. ज्यानं विचारलं त्यानंच पुन्हा विचारायचं, ही आपली रीत. आणि तिला वाटलं असणार, हा तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तेही फोन आपटून. तिनं सही केली. या गोष्टीला पाच महिने झाले. मनोरे सगळे ठणठणीत आहेत. दुरुस्तीनंतर फोन लावतो तो कुठल्याशा शहरातल्या यंत्राला लागतो. यंत्र म्हणतं, चाचणी यशस्वी. परवा मी त्याला बर्फावर हरणं आलीत म्हणून सांगितलं, तर ते पुन्हा म्हणालं, चाचणी यशस्वी. मला तिची फार आठवण येते, वेंडेल. लिहून टाकलं. शाईनं लिहिलंय, आता खोडत नाही.

डोनाला सांग, तिच्या हातच्या लिंबाच्या वड्यांची सर इथं कशालाच नाही. कळावे, पण फार कुणाला कळू नये.

तुझा,
ऑर्लिन

ता. क. : तू सहज, म्हणजे अगदी सहज, मार्लिसला फोन करून विचार, मायनॉट कसं वाटतंय म्हणून. माझं नाव काढू नकोस. काढलंस तरी चालेल. (काढच.)

ता. क. २ : नको, विचारू नकोस. तुला मी लहानपणापासून ओळखतो. तू नाव काढशील आणि वर हसशील.

ता. क. ३ : टपाल कचेरीत उभा राहून लिहितोय. ईडिथबाई म्हणतात, ऍरिझोनाला चार-पाच दिवस लागतील, मायनॉटला उद्या पोचेल. मागं तीन माणसं खोळंबलीत. पाकिटावरचं तुझं नाव खोडलंय, वेंडेल, माफ कर. हे पत्र काही तुला मिळत नाही.

मार्लिस, वरचं सगळं तुझ्या भावाला लिहिलं होतं, म्हणून ते खरं आहे. तुला लिहायला बसलो असतो तर हवापाण्यावर थांबलो असतो. मागं फीर. नाही म्हणायचं असलं तर खुशाल म्हण, मी आणखी दोनदा विचारीन.