बिनआवाजाच्या गाड्या

२ ऑगस्ट, शनिवार

आज पुन्हा एक गाडी अंगाला घासून गेली! आवाज नाही, धूर नाही, नुसतं वारं. दचकलो, हँडल वळलं आणि मी सायकलीसकट कडेच्या गाळात. गुडघा सोलला. चालवणारी शाळेची प्रियांका मॅडम. थांबली बिचारी, हात देऊन उठवलं. म्हणते, "आजोबा, मी दोनदा हॉर्न दिला होता." शिकलेली बाई, आणि खोटं बोलते! हॉर्न दिला असता तर मी बाजूला झालो नसतो का?

बायकोला, तानूला सांगितलं, बांधावर घसरलो.

४ ऑगस्ट

वालूरहून सेलूच्या रस्त्याने आमच्या शेतापर्यंत सायकलीवर अर्धा तास. तेवढ्यात आज चार चार्जिंगच्या गाड्या पुढे निघून गेल्या. दर पाच पेडलला मागे वळून बघतो. मान आखडली. पुढचं बघायचं की मागचं?

शेजारचा महारुद्र सेलूत कापडाच्या दुकानात कामाला आहे. त्यानेही तसलीच गाडी घेतलीय. विचारलं, अरे, ही वाजत कशी नाही? तो हसायला लागला. "काका, इंजिनच न्हाई तर वाजंल काय? करंटवर चालती. हीच तर मजा हाय!"

मजा त्याची. गुडघा माझा.

७ ऑगस्ट

योगीराजने वाकडं हँडल बघितलं. पोरगा चिडला की हळू बोलतो, तेच वाईट. "आबा, अजून एकदा पडलात तर सायकल भंगारात. आन् शेत बटईनं देऊन टाकू."

म्हणजे दुसरा कसणार आणि मी घरी बसून माळा जपणार! तो सेलूच्या जिनिंगवर कामाला, त्याला शेतात यायला सवड नाही. मला पायी एवढं चालवत नाही. सायकल गेली की शेत गेलं, सरळ हिशेब आहे. तूर कुणी बघायची? रानडुकरं कुणी हाकलायची?

लग्न झालं त्या साली तानूला याच कॅरियरवर बसवून सेलूला सिनेमाला नेलं होतं. परत येताना वालूर येईपर्यंत ती हसत होती. ती सायकल भंगारात?

आता पडायचं नाही. काही झालं तरी पडायचं नाही.

९ ऑगस्ट

आज मी महारुद्रला मागे टाकलं!! चार्जिंग संपलेली, साहेब गाडी ढकलत चाललेले, घामाघूम. मी घंटी वाजवत, वाजवत, वाजवत पुढे. तो ओरडला, "बास करा काका, कान फाटले!" त्याचं काहीतरीच. घंटीत आता दमच राहिला नाही. स्प्रिंग गंजली असणार. तेल घालायला हवं.

दिवसभर शेतात एकटाच हसत होतो.

१० ऑगस्ट

घंटीला तेल घातलं. फरक नाही.

१३ ऑगस्ट

तानू सगुणाबाईकडे गेली होती, जाताना बजावून गेली, "तीन शिट्ट्या झाल्या की ग्यास बंद करा." मी ओट्याशेजारीच बसून राहिलो. एकही शिट्टी झाली नाही. डाळ जळून कोळसा! तानू रस्त्यावरूनच ओरडत आली म्हणे. "अवो, ध्यान कुठं हाय? गल्लीला वास गेलाय, तुमाला न्हाई आला?"

वास आला होता. पण शिट्टीच्या आधी बंद कसं करू? तीन सांगितल्या होत्या.

कुकरचं रबर गेलंय. योगीराजला सेलूहून नवीन आणायला सांगितलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला शाळेत गेलो. पोरी छान गायल्या असतील, तोंडं तर मोठी उघडत होत्या. भोंगा बदलायला हवा. गुरुजींना सांगून आलो.

१८ ऑगस्ट

दुपारी तुरीच्या कडेला बसलो असताना डोक्यात आलं. माणक्या आणि लाख्या होते तोवर आमची गाडी येते हे अर्ध्या कोसावर कळायचं. कशामुळे? घुंगरमाळेमुळे! म्हाताऱ्याकोताऱ्यांनी उगाच नाही बांधली बैलाच्या गळ्यात. बैल मागल्या साली विकले, माळा अजून खुंटीला आहेत. चार्जिंगच्या गाडीलाही घुंगरं का नकोत?

सातवी नापास असलो तरी डोकं चालतं.

१९ ऑगस्ट

महारुद्रला म्हटलं. आधी पोट धरून हसला. "काका, मी काय बैल हाय? दुकानातल्या पोरी काय म्हणतील!" मी सांगितलं, अरे, सायकल जाईल माझी, मग शेत जाईल. तेव्हा हसू आवरलं. म्हणाला, "बरं. पोळ्याला बांधू. पर मिरवणूक काढायची न्हाई."

हे पोरगं वाईट नाही.

२१ ऑगस्ट

माळा चिंचेने घासल्या. पितळ कसं झळकायलंय! नातीला, निकिताला दाखवलं. ती म्हणाली, "आबा, सोन्याचं वाटतंय." कापूस घेऊन एकेक घुंगरू पुसलं.

२२ ऑगस्ट, पोळा

मिरवणूक निघालीच! महारुद्रची गाडी धुतली, हँडलला झूल, पुढे हळदकुंकू, तानूने पुरणाची पोळी दाखवली. पोळी खायची कुणी, यावर वाद झाला, शेवटी महारुद्रनेच खाल्ली. निकिता ओरडली, "बैलानं खाल्ली, बैलानं खाल्ली!" माणक्याची माळ मी माझ्या हाताने बांधली. बांधताना हातात अशी थरथरली की डोळ्यात पाणी आलं. मग तो गल्लीतून दोन चकरा मारून आला. घराघरातून बाया बाहेर आल्या, कस्तुराबाई तर खरकटा हात तसाच घेऊन. सगळे हसत होते. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, त्या गोंधळात घुंगरं नीट ऐकू आली नाहीत. असू दे. उद्या मोकळ्या रस्त्यावर मजा.

योगीराजसुद्धा हसला. सायकलीबद्दल काही बोलला नाही.

आज झोप छान लागेल.

२३ ऑगस्ट

लबाड! एक नंबरचा लबाड!

पोळी खाल्ली, फोटो काढून घेतले आणि रात्रीतून माळ सोडून ठेवली. सकाळी सेलूच्या रस्त्याला मी खुशीत, मान वळवायची नाही असं ठरवून चाललेलो. महारुद्र येईल ते कळेलच की! आणि फस्सकन अंगावरून गेला. घुंगरू नाही, काही नाही. पाय टेकला म्हणून वाचलो. मी हाक मारेपर्यंत तो पुलापाशी.

पोरींना लाजला असणार. पण मला शब्द दिला होता. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. उद्या रविवार, घरीच असेल. दारात जाऊन विचारतो.

२४ ऑगस्ट

गेलो. माळ जिथे बांधली होती तिथेच होती, माझीच गाठ. म्हणालो, घुंगरांत कापूस कोंबलास. "काका, काल सेलूत सगळे कान झाकून हसले मला," म्हणाला, आणि माळ धरून माझ्या तोंडापुढे गदागदा हलवली. प्रत्येक घुंगरात खडा उड्या मारताना दिसला.

नुसता दिसला.

सायकलीला मीच कुलूप लावलं आणि किल्ली योगीराजकडे दिली. भंगार नको, आधी कानाचा डॉक्टर बघ म्हणालो. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता.

कुकरचं जुनं रबर चांगलं होतं.