नावघाटाच्या चौकात आबांचं नाव

अहमदनगर,
रविवार, २२ नोव्हेंबर १९७०

तीर्थरूप आबा,

लेकीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? बन्सीदादाला आठवण करत जा, तो कारखान्याच्या पाळ्यांमध्ये विसरतो.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुम्हाला एकट्याला लावता येईल. हे पत्र दादाकडून किंवा वहिनीकडून वाचून घेऊ नका. दोन दिवस लागले तरी चालतील, पण तुमचं तुम्ही वाचा. वाईट बातमी कसलीही नाही, हे आधीच सांगते.

तुमच्या नातीची, इंदूची शिवणाची परीक्षा झाली. ह्यांच्या कोर्टाला दिवाळीची सुट्टी होती ती संपली. नगरला थंडी चांगलीच पडली आहे. शाळेतल्या पोरांना मी सकाळचा पहिला तास उन्हात बसवून घेते.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात इंदूच्या स्थळाचं बोलणं निघालं, तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. मुलगा सहादेव वीज मंडळात वायरमन आहे, निर्व्यसनी आहे, आपल्याच लोकांतला आहे, इथवर तुम्ही मान डोलावत होतात. गावाचं नाव निघालं आणि "त्या गावात पोरगी द्यायची न्हाई" एवढंच म्हणून ओट्यावर जाऊन बसलात. त्या गावाचं नाव आपल्या घरात कोणी घेत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. प्रवरेकाठचं म्हटलं की तुम्हाला कळेल.

आबा, शुक्रवारी रजा टाकून मी तिथे जाऊन आले. ह्यांना सांगून गेले. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नकोच म्हणाला असतात.

मुलाचं घर बघून आले. माणसं साधी आहेत. परतीच्या एसटीला दोन तास होते, म्हणून नदीकडे गेले. वेस ओलांडली की उतार लागतो आणि उताराच्या तळाशी तो चौक. चारी बाजूंनी दगडी ओटे, मध्ये पिंपळाचा पार, पलीकडे मोठी कमान आणि कमानीतून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बायका धुणी धूत होत्या. पाणी इतकं शांत होतं की तळाचे गोटे मोजता आले असते. मला वाटलं होतं की तिथे पाय ठेवला की अंगावर काटा येईल. तसं काही झालं नाही. उलट वाटलं, ही जागा माझ्या पायांना ठाऊक आहे.

पारावर आप्पासाहेब म्हणून एक म्हातारे बसले होते. नगरपालिकेत कारकून होते, आता पेन्शनीत आहेत. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. हातातली काठी उचलून एकेक दाखवायला लागले. कमान पेशवाईच्याही आधीची. डाव्या ओट्यावर जकातीची चौकी होती. पलीकडच्या गावांचा गूळ, बाजरी, घोंगड्या, सगळं नावांतून ह्या चौकात उतरायचं, म्हणून हा नावघाटाचा चौक. कमानीच्या दगडावर पुराच्या रेघा कोरल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. साल छत्तीस.

"ह्या पुरानंतरच पलीकडे पूल झाला," ते म्हणाले. "बाजारच्या दिवशी नाव उलटली, तोवर सरकार ढिम्म होतं."

मी विचारलं, "नावाडी कोण होता?"

"छगन. त्याच्यासारखा नावाडी पुन्हा झाला नाही."

आबा, मी पारावर बसले. त्यांनी पाणी हवं का म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं की मी छगन नावाड्याची मुलगी. ते काठी टेकून उठले आणि "अगं भागू, इकडं ये! कोण आलंय बघ!" असं ओरडायला लागले.

इथे थांबून मला एक सांगायचं आहे. हे पान दोनदा लिहून फाडलं.

आई तापानं गेली, असं तुम्ही आम्हाला सांगितलंत. मी बारा वर्षांची असताना सुट्टीत मावशीकडे गेले होते. तिथे ती शेजारणीला म्हणत होती, "कसला ताप? नवऱ्यानंच नदीला दिली तिला." मी दाराआड होते. मावशीला काही विचारलं नाही, दादाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी तुम्हाला घाबरत होते. पुढे मोठी झाले, शहाणी झाले, लोकांच्या पोरांना खरं-खोटं पारखायला शिकवायला लागले, आणि हे एक मात्र कधी पारखलं नाही. तुम्ही भाकरी थापून आम्हाला वाढायचात, तेव्हा मी तुमच्या हातांकडे बघायची, आणि मला घास गिळवत नसे.

लग्नानंतर मी श्रीगोंद्याला किती कमी आले, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे नगरला झालं. नऊ दिवस तुम्ही दवाखान्यात होतात. मी एकदाही आले नाही. शाळेची तपासणी आहे, असं दादाला कळवलं. आबा, तपासणी नव्हती. मी रोज संध्याकाळी त्या दवाखान्याच्या रस्त्यानंच घरी जात होते.

लिहिलं. आता पुढचं सांगते.

भागूबाई कमानीखाली फुटाण्यांची भट्टी लावते. चाळिशीची, ठसठशीत बाई. हात पुसत आली, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "डोळं आईचं घेतल्यात." मग माझ्या शेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि त्या नावेत होती.

"पानी चढत हुतं. तुजा बाप न्हाई म्हनत हुता. पर ह्या काठाला बाजारची मानसं अडकलेली, बाया रडायला लागल्या, घरी तान्ही पोरं हायेत म्हनायच्या. मग त्यानं नाव सोडली. तुजी आई पानी उपसायला संगं बसली, नेहमीसारखी. मधोमध आलो आन् वरनं आख्खं झाड वाहत आलं. नाव पालथी. तुज्या बापानं एका हातानं नाव धरली हुती, दुसऱ्या हातात तुजी आई. मी आन् माजा धाकटा भाऊ त्याच्या म्होरनं वाहत चाललेलो."

"मग?" मी विचारलं.

"मग तुजी आई वरडली, 'मला पवता येतं, पोरं धरा!' त्यो सोडंना. तवा तिनं हिसडा मारून हात सोडवून घेतला. मी बघितलं. मी तवा तिच्याकडंच बघत हुते. त्यानं आमा दोगांना केसाला धरून वर घेतलं. ती पवत गेली लांबवर. काठाला पोचलीबी असती, पर दुसरा वंडका आला."

आबा, नावेत अकरा माणसं होती आणि नऊ वाचली, हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?

तिसऱ्या दिवशी आई सापडली तेव्हा मामा ह्याच चौकात सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यानं माझ्या बहिणीचा हात सोडला." तुम्ही उलट एक शब्द बोलला नाहीत. आठवड्याच्या आत आम्हा दोघांना घेऊन गाव सोडलंत. भागूबाई म्हणाली, "मी सांगत हुते सगळ्यांना. सात वर्सांच्या पोरीचं कोन ऐकतं?"

पण पुढे ऐकलं, आबा. ती मोठी झाल्यावर तिनं मामाच्या दारात जाऊन त्याला ऐकायला लावलं. मामा ओट्यावर बसून हमसून रडला म्हणे. मग दोन वर्षं तो तुम्हाला शोधत होता. कोपरगाव, बेलापूर, जिथे जिथे साखर कारखाना तिथे तिथे विचारून आला, कारण मावशी तोवर वारली होती आणि तुम्ही कारखान्यावर लागलात एवढंच कोणी सांगितलं होतं. श्रीगोंद्यापर्यंत काही तो पोचला नाही. चार वर्षांपूर्वी वारला. जाताना भागूबाईला सांगून गेला की छगन भेटला तर म्हणावं, मी चुकलो.

तो निरोप मी आणला आहे. तुमचा आहे, तुम्ही घ्या.

मी निघताना अर्धा चौक गोळा झाला होता. भागूबाईच्या भावानं माझी पिशवी एसटीपर्यंत आणली. तो आता दोन मुलींचा बाप आहे. त्या गावात तुमच्याविषयी वाईट बोलणारं कोणी नाही, आबा. तुम्ही चौतीस वर्षं ज्याला भीत होतात, ते तिथे उरलेलं नाही. एसटीत खिडकीशी बसले आणि जी झोप लागली ती नगरच्या स्टँडवर कंडक्टरनं उठवलं तेव्हा मोडली. बसमध्ये मला कधीच झोप येत नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "काय गं, चेहरा एवढा कसा उजळला?" मी हसले आणि मग चुलीपाशी बसून पोटभर रडले. इंदू घाबरून गेली. तिलाही सगळं सांगितलं. तिला तुमचा इतका अभिमान वाटतो आहे की शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. तिला मी अडवलं नाही.

स्थळाचं तुम्ही म्हणाल तसं. घाई नाही. 

येत्या शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या गाडीनं मी एकटीच श्रीगोंद्याला येते आहे. दवाखान्यातल्या नऊ दिवसांबद्दल तुमच्या पायाशी बसून माफी मागायची आहे. तुम्ही नेहमीसारखं "असू दे" म्हणून उठून जाऊ नका, मला मागू द्या. आणि तुम्हाला बोलावंसं वाटलं तर आईविषयी बोला. ती कशी हसायची, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, चिडली की काय करायची. मला तिच्याबद्दल तिचं मरण सोडून काहीच ठाऊक नाही.

तुम्ही तिचा हात सोडला नव्हतात, आबा. हे तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

तुमची,
मनू