स्टाफरूममधलं बाहेर कोण नेतं?

३ जून
कॉलेजच्या ग्रंथपाल बाई गेल्या! म्हणजे घालवल्या. सकाळी दारातलं यंत्र त्यांचं कार्डच घेईना. कार्ड खराब झालं समजून बिचाऱ्या पदराने पुसून पुसून लावत होत्या. शेवटी वॉचमननेच खाली मान घालून सांगितलं — बाई, तुमचं नाव काढलंय.

कारण काय, तर संस्थेची बदनामी. "माझ्या मुलीला मी इथे कध्धी घालणार नाही," असं त्या बोलल्या होत्या. संस्थाचालक साहेबांनी हे वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं म्हणे. पण त्या बोलल्या स्टाफरूममध्ये, दार लावून! तेव्हा आत तिघंच होतो — त्या, मी आणि इंग्रजीचे सर. त्यांना आम्ही मागून 'इस्त्री' म्हणतो. शर्टाला कधी सुरकुती म्हणून दिसायची नाही.

मी तर साहेबांच्या केबिनची पायरीही चढलेली नाही. मग उरलं कोण?

४ जून
बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठे असता नोकरीला. मी सांगितलं, बँकेत. मागे एकदा कॉलेजचं नाव घेतलं होतं, तर समोरचा माणूस हसून म्हणाला होता, फी भरली की पास ना तिथे?

संगणक शिकवते मी. जीव तोडून शिकवते. आणि त्या बाईंना दिसू नये म्हणून कॉलेजच्या आधीच्या थांब्यावर उतरते.

९ जून
इस्त्री आज माझ्यासाठी चहा घेऊन आले. इतक्या वर्षांत कधी आणला नाही, आजच का? वर विचारत होते, आता कोणाची पाळी, काही कानावर आलंय का. मी म्हटलं, मला काय ठाऊक. माझ्या तोंडून काढून घ्यायला बघतात! चहाला हात लावला नाही.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. रोज सांगतेच. दुसरं आहे कोण ऐकायला? हे म्हणाले, उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. ह्यांचा स्वभावच धीर देणारा.

१० जून
इस्त्री आत आले की मी उठून लॅबमध्ये जाते. कळलंय त्यांना. कळू दे.

१६ जून
फाटकावर नवा भलामोठा फलक. 'शंभर टक्के नोकरीची हमी'. शिकणाऱ्यांना हमी — शिकवणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंतचीही नाही!

मी बघत उभी होते. इस्त्री मागून येऊन हळूच म्हणाले, "ह्या फोटोतला हसणारा मुलगा आपल्याकडे कधी शिकलेलाच नाही." मला हसू फुटलं. नको होतं, तरी फुटलं. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं. मग आठवलं कोणाबरोबर हसतेय, आणि तोंड मिटून आत गेले.

घरी जेवताना ह्यांना सांगितलं, हेही खूप हसले.

२० जून
इस्त्रींना काढलं.

हे कसं? फितूर तर ते होते ना! वस्तू भरायला स्टाफरूममध्ये आले, तेव्हा मी एकटीच होते. पिशवीत पुस्तकं ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, साहेबांनी मला फोटोतल्या मुलाचं ऐकवलं. ते मी फक्त तुम्हाला बोललो होतो."

आवाज चढवला नाही. मी म्हटलं, सर, मुलांची शपथ, मी साहेबांना काही सांगितलेलं नाही. त्यांनी मान हलवली, नमस्कार केला आणि गेले. विश्वास बसला नाही त्यांचा. माझाही बसला नसता.

वॉचमनने ऐकलं असेल? तो तर पार पलीकडे, गाड्या लावत होता. मग कोण? दिवसभर हेच.

२१ जून
साहेबांनी बोलावून मला विभागप्रमुख केलं. म्हणाले, "तुमचे मिस्टर रोज सकाळी तळ्यावर फिरताना भेटतात. फार मोकळा माणूस. असं घर असल्यावर तुम्हाला कशाची काळजी?"

घरी येऊन ह्यांना विचारलं. "तुला ठेवलं ना त्यांनी?" एवढंच म्हणाले, आणि प्यायला पाणी मागितलं.

मी आणून दिलं.